छत्री उन्हात, तंबू सावलीत

चिरंजीव भाच्यास,


काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याच्या कॅम्पवर पाहुण्यांना क्रिकेटचे सामने दाखवायचे, म्हणून तू माळावर डिशची छत्री लावून झाडांखालच्या तंबूपर्यंत 60 मीटर केबल ओढणार आहेस. बेत चांगला आहे. फक्त केबलचं बंडल आणण्याआधी एकदा दोरी घेऊन जागेवर जा.

डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, तेव्हा कॅम्पला तीच सोयीची. तिचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. भंडारदऱ्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 58 अंश वर येतो. इतक्या उंचावरच्या उपग्रहाला झाडांची अडचण कमी होते. आग्नेयेला 10 मीटरचं जांभूळ असेल, तर जमिनीवरची छत्री त्याच्या फांद्यांच्या कडेपासून साडेसहा मीटर दूर असली तरी भागतं. तू 8 धर. छत्री उभट दिसते, म्हणून ती समोरच्या झाडाकडे बघतेय असं वाटतं. प्रत्यक्षात तिची नजर बरीच वर असते.

मामाला एका कॅम्पवाल्याने असंच बोलावलं होतं. त्याच्याकडे महिन्याचे पैसे भरून घेतलेली जोडणी होती. तंबूत टीव्ही, 50 मीटरवर छत्री आणि मधे केबलचे तीन तुकडे पीळ मारून, टेप गुंडाळून जोडलेले. निम्मे चॅनेल लागत, निम्मे नाहीत. त्याने आधीच दोन अ‍ॅम्प्लिफायर आणून ठेवले होते. मामाने टेप उकलला, तर आतली जाळी हिरवी पडलेली. टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स 18 व्होल्ट सोडत होता. छत्रीपाशी पोचत होते 14.

मेख तिथेच होती. केबलमधून चित्र खाली येतं, तशी एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीला, लागणारी वीजही त्याच तारेतून वर जाते. बॉक्स 13 व्होल्ट देतो तेव्हा एलएनबी उभ्या ध्रुवणाचे चॅनेल घेते, 18 दिले की आडव्याचे. वाटेत 18 चे 14 झाले, की ती त्यांना 13 च समजते आणि आडवे चॅनेल गायब होतात. यावर अ‍ॅम्प्लिफायरचा उपाय चालत नाही. तो स्वतःच आणखी वीज खातो. मोजताना एलएनबी जोडलेली असू दे. ती सोडवून मीटर लावलास, तर खराब केबलही पूर्ण 18 दाखवते. त्या दिवशी मामाने छत्री तंबूशेजारच्या झाडाजवळ आणली आणि 15 मीटरच्या एका अखंड केबलवर काम भागलं.

सिग्नलचा हिशेबही सांगतो. आरजी-6 केबलच्या 30 मीटरमध्ये वरच्या फ्रीक्वेन्सीला सुमारे 10 डेसिबल घट होते, म्हणजे दहावा हिस्सा उरतो. एलएनबी आधीच सिग्नल लाखपटीहून जास्त वाढवते, म्हणून एवढी घट खपते. 60 मीटरला मात्र शंभरावा हिस्सा उरतो. तेवढं अंतर टळतच नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायर छत्रीजवळ लाव. टीव्हीजवळ लावलास, तर दुबळ्या सिग्नलबरोबर खरखरही वाढते.

दुकानात जाताना खिशात चुंबक ठेव. केबलचं टोक सोलून मधल्या तारेला लाव. चिकटलं, तर आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा आहे. अशा तारेत विजेची घट बरीच जास्त होते. लांब अंतरासाठी अस्सल तांब्याचीच घे.

पिन बसवताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागू देऊ नकोस. लागला की शॉर्ट. बॉक्स बंद केल्याशिवाय पिन काढू नकोस. एलएनबीपाशी केबलला खाली झोळ दे, म्हणजे दवाचं पाणी पिनेत न शिरता झोळाच्या तळाशी गळेल. केबल गाड्यांच्या वाटेवरून नेऊ नकोस.

मे अखेर वळवाचे ढग दाटले, की सामना कितीही रंगात असला तरी टीव्ही बंद कर. बॉक्सची पिन गडगडाट सुरू होण्याआधीच काढ. वीज कडकडत असताना केबलला हात लावू नकोस. उघड्या माळावरच्या लोखंडी छत्रीची तार माणसं बसलेल्या तंबूत जोडलेली ठेवणं धोक्याचं आहे. पाहुणे कुरकुरले तरी ऐकू नकोस.

या रविवारी दोरीने अंतर मोज आणि कळव. तेवढीच केबल कापून, दोन्ही पिना बसवून मामा घेऊन येईल.

तुझा,
मामा