संगणकाचे आवाज आणि आपले आरोग्य

कोल्हापुरात गोंगाटाचा विषय निघाला, की बोलणे गणेश विसर्जन मिरवणुकीतील साउंड सिस्टीमवर येते. त्या दणदणाटाचे दुष्परिणाम आता बहुतेकांना ठाऊक आहेत. पण मिरवणूक वर्षातून एकदा निघते. टेबलावरच्या संगणकातून येणारे 'टिंग', 'टुंग' रोज दिवसभर चालू असते. तो आवाज मोठा नसतो, म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. राजारामपुरीतील कर सल्लागाराचे कार्यालय असो, लक्ष्मीपुरीतील व्यापाऱ्याची पेढी असो, की घरी बसून ऑनलाइन अभ्यास करणारा विद्यार्थी असो, या बारीक आवाजांचा ताण मनावर आणि काही वेळा थेट कानावर येतो. त्यावरचा उपाय संगणकातच आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

लहान आवाजाचा त्रास का होतो?

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतही कान उघडेच असतात. अचानक नवा आवाज झाला, की मेंदू हातातले काम सोडून 'काय झाले?' याचा शोध घेतो. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच या प्रतिक्रियेचे वर्णन केले होते. पाचोळ्यातील सळसळ ऐकून सावध होणाऱ्या आपल्या पूर्वजांचे प्राण तिने वाचवले. आज तीच प्रतिक्रिया साड्यांच्या सेलच्या जाहिरातीसाठी खर्ची पडते.

संदेश उघडलाच नाही, तर त्रास होणार नाही, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हा समज तपासला. मोबाईलला हातही न लावता केवळ सूचना आल्याचे कळले, तरी एकाग्रतेच्या कामात अधिक चुका होतात, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली. कामात सतत व्यत्यय आलेली माणसे वेळ भरून काढण्यासाठी अधिक वेगाने काम करत होती. पण त्याची किंमत त्यांना ताण, वैताग आणि घाई या रूपाने मोजावी लागत होती. संध्याकाळी 'फारसे काम झाले नाही, तरी डोके जड झाले' असे आपण म्हणतो, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

हेडफोन वापरणाऱ्यांनी विशेष जपावे

समजा, ऑनलाइन तासाला शिक्षकांचा आवाज बारीक येतो आहे. विद्यार्थी संगणकाचा मुख्य आवाज पूर्ण वाढवतो. इतक्यात एखादी सूचना येते आणि तिचा 'डिंग' त्याच पूर्ण आवाजात कानात आदळतो. आवाजाचा मुख्य पडदा सर्वांना एकच असल्याने असे घडते.

आपल्या आंतरकर्णात ध्वनिलहरी टिपणाऱ्या नाजूक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर, तर १०० डेसिबलला अवघ्या २० मिनिटांवर येते. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलची आहे. म्हणूनच हेडफोनचा आवाज पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा.

उपाय कसा करावा?

विंडोज प्रणालीच्या संगणकात २००७ सालच्या व्हिस्टा आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगवेगळा ठेवण्याची सोय आहे. पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबा आणि 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा. तेथे चालू प्रोग्रॅमची यादी दिसेल. 'सिस्टम साउंड्स' अगदी कमी करा, व्याख्यानाचा किंवा गाण्याचा प्रोग्रॅम हवा तेवढा ठेवा. प्रोग्रॅम यादीत दिसत नसेल, तर तो आधी सुरू करून त्यातून आवाज येऊ द्या.

२. 'सेटिंग्ज', मग 'सिस्टम', मग 'नोटिफिकेशन्स' येथे जा. एकेका प्रोग्रॅमचे नाव उघडून सूचनेसोबत आवाज वाजवण्याची खूण काढून टाका. सूचना पडद्यावर दिसेल, पण वाजणार नाही.

३. एखाद्या संकेतस्थळाने परवानगी मागताच घाईत 'अलाउ' दाबले जाते आणि मग जाहिराती व 'संगणकात व्हायरस आहे' असे खोटे इशारे येऊ लागतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी पाहून अनोळखी नावे 'ब्लॉक' करा. क्रोममध्ये एखादेच संकेतस्थळ वाजत असेल, तर त्याच्या टॅबवर उजवे बटण दाबून 'म्यूट साइट' निवडा.

४. व्हॉट्सअ‍ॅपचे गट आठ तास, एक आठवडा किंवा कायमचे 'म्यूट' करता येतात. नातेवाइकांना न दुखावता गटात राहण्याचा हा सोपा मार्ग आहे.

५. हिशेब, अभ्यास अशा एकाग्रतेच्या कामाच्या वेळी 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू करा. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीत याच सोयीला 'फोकस असिस्ट' म्हणतात.

सगळेच बंद करू नये

वैतागून मुख्य आवाजच बंद करणारेही असतात. तसे करू नये. १९०६ साली पायाभरणी झालेल्या आपल्या शाहू मिलसारख्या गिरण्यांच्या काळात भोंगा झाला, की पाळीची वेळ झाली, हे कुणाला सांगावे लागत नसे. एक आवाज आणि त्याचा एकच अर्थ, म्हणून त्याला मान होता. आज दहा गोष्टी एकाच सुरात वाजतात आणि कान सगळ्यांनाच सरावतो.

हा सराव जिवावरही बेततो. अमेरिकेतील रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये याविषयी इशारा दिला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात रुग्णालयीन यंत्रांच्या अलार्मशी निगडित ९८ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या; त्यांतील ८० घटनांत रुग्ण दगावले. दिवसभर वाजणाऱ्या असंख्य अलार्मना कर्मचाऱ्यांचे कान सरावणे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

२०१९ आणि २०२१ चा महापूर कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, ही बातमी शुभेच्छांच्या संदेशांत बुडून चालणार नाही. म्हणून मोबाईलमधील सरकारी आपत्कालीन सूचनांची सोय चालूच ठेवावी. घरी आजारी माणूस असेल, तर त्याच्या जवळच्यांच्या फोनला वेगळा, ठळक सूर द्यावा. ज्या आवाजावर आपल्याला जागचे उठावे लागते, तेवढाच वाजू द्यावा. बाकीचे निवांत वाचता येते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

हेडफोन काढल्यावर कानात गुणगुण किंवा शिटी ऐकू येणे, इतरांचे बोलणे दबलेले वाटणे, 'पुन्हा सांगा' असे वारंवार म्हणावे लागणे, ही कान थकल्याची लक्षणे आहेत. ती पुन्हापुन्हा दिसत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र मळ असेल असे समजून तेल घालत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण अशा बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतच उपचार झाले, तर गुण येण्याची शक्यता अधिक असते.

येत्या रविवारी दहा मिनिटे काढून घरच्या संगणकाची यादी मुलांसोबत तपासावी. बहुतेक आवाज आपण कधी मागितलेच नव्हते, हे लक्षात येईल.