निरोप उशिरा पोचला तर?

निवृत्तीनंतर यवतमाळातून मी व्हिडिओ कॉलवर युद्धखेळ चालवतो. खेळणारे पुण्यात, नागपुरात, कुणी वणीत. काही माजी सैनिक, काही कॉलेजची मुलं. पंच मी. त्यातून उमगलेलं इथे मांडतो.

1. रणांगण आपल्या जिल्ह्यातलं घ्यावं. 17 एप्रिल 1818 रोजी पांढरकवड्याजवळ शिवणीच्या परिसरात इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाची फौज उधळली. पेशवे निघाले होते चांद्याकडे (आजचं चंद्रपूर), नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या साथीला. पुढे वर्धा नदीकडची वाट इंग्रजांनी अडवलेली, मागे त्यांच्याच डव्हटन या सेनानीची फौज, आणि आप्पासाहेब तर मार्चमध्येच इंग्रजांच्या कैदेत पडलेले. वर्गात हे सांगितलं तर मुलं ऐकून सोडून देतात. तेच एखाद्याला पेशव्यांच्या जागी बसवून अर्धवट, शिळ्या बातम्या दिल्या, की चांदा की माघार हे ठरवताना त्याचा आवाज बदलतो.

2. खेळाडू दूर असणं ही अडचण समजू नये. 1824 मध्ये प्रशियाच्या राइसविट्झने युद्धखेळाचे नियम छापले, त्यात पंचच मधला दुवा होता. सेनापतीला दिसेल तेवढंच तो दाखवी. एका टेबलाभोवती बसलं की माणसं एकमेकांचे चेहरे वाचतात. दूर बसून पंचामार्फतच बोललं की ते जमत नाही.

3. सगळ्यात जास्त शिकवलं ते भविष्यातल्या लढाईच्या खेळांनी. नकाशा तोच, पण आता ड्रोन आणि जॅमिंग, म्हणजे शत्रूने आपला रेडिओ संपर्क बंद पाडणं. ड्रोनचं चित्र हाती आलं, की वर बसलेला सेनापती मधल्या अधिकाऱ्यांना ओलांडून थेट तुकडीला हुकूम सोडू लागतो. झाडामागचा एकेक जवान तोच हलवतो. मग मी जॅमिंग जाहीर करतो आणि त्याचा कॉल बंद करतो. तुकड्या जागच्या जागी थांबतात, कारण स्वतः ठरवायची सवयच मोडलेली असते. जिथे सेनापतीने आधीच सांगून ठेवलेलं असतं, ‘वर्धेवरचा पूल अंधार पडेपर्यंत राखा, आपली रसद त्यावरून येणार आहे’, तिथे निरोप न येताही काम चालू राहतं. काय करायचं याबरोबर कशासाठी, हे सांगणं म्हणजे निम्मं सेनापतीपण, असं माझं ठाम मत झालं आहे. युक्रेनमध्ये ड्रोन आणि जॅमिंग रोजचे झालेत. तिथल्या बातम्या वाचताना हे मत पक्कं होत जातं.

4. काळी माती नकाशात दिसत नाही. पावसाळ्यात आपल्या रानातून ट्रक नेता येत नाही, हे वणीच्या खेळाडूला सांगावं लागत नाही. पुण्याच्याला सांगावं लागतं.

5. पंचाचा निकाल वरिष्ठाने फिरवू नये. मिडवेच्या लढाईआधी जपानी आरमाराच्या खेळात बुडालेली विमानवाहू जहाजं अ‍ॅडमिरल उगाकींनी पुन्हा तरंगती केल्याचं सांगतात. जून 1942 मध्ये प्रत्यक्षात जपानची चार बुडाली. माझ्याकडे निवृत्त अधिकारी असो वा विद्यार्थी, निकाल सारखाच.

6. खेळ संपल्यावर आधी हरलेल्याला बोलू द्यावं.

आपल्या लष्करानेही 2022 मध्ये राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाबरोबर युद्धखेळाचं केंद्र उभारायचं ठरवलं. जिल्ह्यातल्या एनसीसीच्या शिक्षकांनी त्याची वाट पाहत थांबू नये. तालुक्याचा नकाशा, काही फोन आणि पंच म्हणून गावातला एखादा माजी सुभेदार, एवढ्यावर पुढच्या रविवारी सुरुवात करा.