पट्टा थांबतो, मोटर गुरगुरते

प्रश्न : ट्रेडमिलचा डिस्प्ले लागतो, पट्टा रिकामा फिरतो; पण वर उभं राहिलं की थांबतो. मोटर बदलावी लागेल का? – एक वाचक, पिंपळी (ता. बारामती)

उत्तर : एवढ्यात मोटरवर खर्च करू नका. रिकामा फिरतो म्हणजे सेफ्टी की आणि मोटर बहुधा ठीक आहेत. प्लग काढून पट्ट्याखाली बोटं घाला. फळी कोरडी, खरखरीत लागली, तर दोष घर्षणाचा. धूळ पुसून सिलिकॉन ऑइल सोडा. खोबरेल नको, त्याचा चिकटा होतो आणि धूळ आणखी बसते.

तरीही थांबला, तर नेमकं काय थांबतं ते पाहा. पुढचा रोलर फिरतोय आणि पट्टा घसरतोय? मागचे दोन्ही बोल्ट ॲलन कीने पाव-पाव फेरा, सारखेच आवळा. रोलरही थांबला आणि मोटर गुरगुरतेय? मग मोटरचा छोटा पट्टा सैल असेल किंवा व्होल्टेज पडत असेल. वस्तीवर पंप सुरू झाले की २३० व्होल्टचा दाब उतरतो. त्यात बारीक वायरचं एक्स्टेंशन म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. थेट १६ अँपिअरच्या सॉकेटला लावून बघा.

कंट्रोलर कार्डाला मात्र हात लावू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटर काही वेळ झटका देतो. कार्ड किंवा मोटरचे कार्बन ब्रश तपासायला मेकॅनिकच बोलवा.