होकायंत्र, नकाशा आणि संघाचे गुण

आधी एक कोडे घ्या. एका शर्यतीत दोन संघ उतरले, प्रत्येकात तीन धावपटू. ‘अ’ संघाच्या तिघांना अनुक्रमे ४०, ५२ व ५३ मिनिटे लागली. ‘ब’ संघाच्या तिघांना ४९, ५० व ५१ मिनिटे लागली. पहिला आला तो ‘अ’चा, तोही तब्बल नऊ मिनिटांनी. तिघांच्या वेळांची बेरीज केली तर ‘अ’ची १४५ मिनिटे आणि ‘ब’ची १५०. म्हणजे बेरजेतही ‘अ’च पुढे. तरीसुद्धा निकाल लागला तेव्हा चषक ‘ब’ संघाने नेला, आणि पंचांनी कोणतीही लबाडी केली नव्हती! हे कसे झाले असेल?

कोड्यातले आकडे मी सोयीसाठी कल्पिलेले आहेत, परंतु असे निकाल ओरिएंटिअरिंग नावाच्या खेळात खरोखरच लागू शकतात. या शर्यतीत वाट आखून दिलेली नसते. धावपटूच्या हाती एक नकाशा आणि एक होकायंत्र देतात. नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, तेथून निघायचे. पुढे क्रमांक घातलेली वर्तुळे असतात. प्रत्येक वर्तुळाच्या केंद्राशी जंगलात नारिंगी-पांढरे निशाण टांगलेले असते, त्याची प्रत्येक बाजू सुमारे ३० सेंटिमीटरची. क्रमाने सर्व निशाणांवर जायचे, तेथे आल्याची नोंद करायची आणि दुहेरी वर्तुळापाशी शर्यत संपवायची. मधला रस्ता ज्याचा त्याने ठरवावा. एक जरी निशाण चुकले तरी धाव बाद.

हा खेळ स्कँडिनेव्हियातला. लष्करी शिक्षणात स्वीडनमध्ये हा शब्द १८८६ साली वापरात आला. सर्वसामान्यांसाठी पहिली शर्यत नॉर्वेत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झाली. स्वीडनच्या एर्न्स्ट किलांडर यांनी २५ मार्च १९१९ रोजी स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवली आणि पुढे नियमही घालून दिले. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ साली दहा देशांनी मिळून स्थापला. आपल्याकडे एन. सी. सी.त गेलेल्या मुलांना नकाशावाचन शिकवतात. त्यांना यातला बराच भाग ओळखीचा वाटेल.

कोडे सोडवण्यापूर्वी, चाळीस मिनिटांत धावणारा आणि त्रेपन्न मिनिटे घेणारा यांत फरक कशाने पडतो ते पाहू या. पायांतल्या बळाने थोडा पडतो. पण बरीचशी मिनिटे कोनाच्या चुकीत जातात.

समजा, पुढचे निशाण ५०० मीटरवर आहे आणि तुम्ही होकायंत्र धरून नाकासमोर निघालात. दिशा धरताना फक्त ५ अंशांची चूक झाली. ५ अंशांचा स्पर्शक सुमारे ०·०८७ असतो. ५०० ला त्याने गुणले तर ४४ मीटर येतात. म्हणजे ५०० मीटर चालून गेल्यावर तुम्ही निशाणाच्या ४४ मीटर बाजूला उभे असाल. दाट झाडीत हातभर निशाण वीस मीटरवरूनही दिसेलच असे नाही. मग शोधाशोध सुरू होते, आणि दोन-तीन मिनिटे कुठे गेली ते कळत नाही. त्रिकोणमितीची कोष्टके जवळ नसतील तर एवढे लक्षात ठेवा, की एका अंशाची चूक म्हणजे अंतराच्या सुमारे सत्तावन्नाव्या भागाइतके बाजूला जाणे.

जाणता धावपटू ही चूक नाहीशी करत नाही, कारण धावताना हात हलणारच. तो ती चूक लहान अंतरापुरती ठेवतो. निशाणाच्या अलीकडे १०० मीटरवर एखादा ओढ्याचा संगम किंवा दगडी कुंपणाचा कोपरा असेल, तर आधी तो गाठायचा. तो चुकणार नाही इतका ठळक असतो. तेथून नीट दिशा धरून शेवटचे १०० मीटर जायचे. चूक तीच ५ अंशांची, पण आता घसरण फक्त ९ मीटरची! दुसरी युक्ती तर मला फारच आवडते. निशाण ओढ्याच्या काठी असेल तर थेट निशाणाकडे न जाता मुद्दाम डावीकडे रोख धरायचा. ओढा लागला की निशाण उजवीकडेच आहे याविषयी शंका उरत नाही. सरळ रोख धरणाऱ्याला मात्र ओढ्यावर पोहोचल्यावर डावीकडे वळावे की उजवीकडे हे कळत नाही. जाणूनबुजून केलेली चूक अशी उपयोगी पडते.

होकायंत्राच्या सुईबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे रोखलेली असते. या दोन दिशांतल्या कोनाला दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात तो अगदीच थोडा, एका अंशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे. लंडनजवळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पश्चिमेकडे सुमारे २४ अंश होता. तो हळूहळू कमी होत गेला आणि २०१९ साली, सुमारे ३६० वर्षांनंतर, ग्रिनिच येथे शून्यावर आला. म्हणून या खेळाच्या नकाशावर उत्तर-दक्षिण रेषा चुंबकीय उत्तरेला धरूनच छापतात. धावताना बेरीज-वजाबाकी नको! अर्थात नकाशा जुना झाला की त्या रेषाही जुन्या होतात.

सुई आडवी दिसत असली तरी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आडवे नसते. आपल्याकडे ते क्षितिजाशी तीस अंशांहून कमी कोन करून खाली झुकलेले आहे, तर ब्रिटनमध्ये हा झुकाव ६५ ते ७० अंश आहे. सुईला दिशा दाखवण्याचे काम त्यातला फक्त आडवा घटक करतो. तो आपल्याकडे ब्रिटनच्या सुमारे दुप्पट आहे. म्हणून तिकडच्यासाठी समतोल केलेली सुई इकडे आणली तर तिरकी होऊन घासू शकते. सुई फार वेळ डोलत राहू नये म्हणून डबीत द्रव भरतात. द्रवाच्या रोधामुळे डोलणे चटकन थांबते. आणि पृथ्वीचे हे क्षेत्र किती नाजूकपणे मोजावे लागते म्हणाल, तर मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली! तेथे १९०४ साली नोंदी सुरू झाल्या. तेव्हा होकायंत्र वापरताना खिशातल्या चुंबकाच्या वस्तू दूर ठेवा हे वेगळे सांगायला नको.

चढाचा हिशेबही पाहू या. नकाशावरच्या तपकिरी समोच्च रेषा बहुधा ५ मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. समजा, टेकडीवरून सरळ गेले तर ६०० मीटर अंतर आहे आणि वाटेत चढाच्या आठ रेषा ओलांडाव्या लागतात, म्हणजे ४० मीटर चढ. टेकडीला वळसा घातला तर सपाटीवरून ८५० मीटर. कोणती वाट घ्याल? स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ साली एक नियम सांगितला, की दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास धरावा. यावरून एक मीटर चढ म्हणजे सुमारे आठ मीटर सपाट चाल असे निघते. मग ४० मीटरचा चढ ३२० मीटरच्या बरोबरीचा झाला, आणि सरळ वाट ९२० मीटरची ठरली. वळसाच बरा! ऊर्जेच्या भाषेत सांगायचे तर ५० किलो वस्तुमानाच्या मुलाला ४० मीटर उंच नेण्यास ५० × ९·८ × ४० म्हणजे सुमारे २०,००० ज्यूल कार्य लागते, आणि स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम पाव असल्याने शरीराला त्याच्या चौपट ऊर्जा खर्चावी लागते. उतरताना ती परत मिळत नाही, हे गुडघ्यांना विचारा.

आता आपल्या कोड्याकडे वळू. ब्रिटनमध्ये क्लबांसाठी कंपासस्पोर्ट चषक नावाची स्पर्धा असते. त्यात शाळकरी मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सर्व वयोगटांचे सभासद एकाच क्लबासाठी धावतात. प्रत्येक गटात पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ९९, तिसऱ्याला ९८ असे क्रमाने मिळतात. मोठ्या क्लबांचे सर्वोत्तम २५ आणि लहान क्लबांचे सर्वोत्तम १३ जणांचे गुण मोजतात. आपल्या कोड्यातही हीच पद्धत लावा. ‘अ’ला १००, ९६ व ९५, म्हणजे २९१. ‘ब’ला ९९, ९८ व ९७, म्हणजे २९४. ‘ब’ जिंकला. पहिल्याने नऊ मिनिटांनी जिंकले काय किंवा नऊ सेकंदांनी, गुण एकच जास्त!

हा अन्याय वाटतो का? मग वेळांची बेरीज का करत नाहीत? कारण दहा वर्षांच्या मुलीची वाट दोन-तीन किलोमीटरची असते, तरुणांची दहाची. बेरीज केली तर लांब धावणाऱ्यांची मिनिटे सारा निकाल ठरवतील आणि त्या मुलीने कितीही छान धाव घेतली तरी ती नगण्य ठरेल. क्रमाच्या पद्धतीत तिचे १०० आणि राष्ट्रीय विजेत्याचे १०० सारखेच.

काही ठिकाणच्या स्थानिक साखळी स्पर्धांत विजेत्याच्या वेळेला आपल्या वेळेने भागून १००० ने गुणतात. हे गुणोत्तर असल्याने वाटेच्या लांबीचा प्रश्न सुटतो. या पद्धतीने ‘अ’ला १०००, ७६९ व ७५५, एकूण २५२४, तर ‘ब’ला ८१६, ८०० व ७८४, एकूण २४००. आता ‘अ’ जिंकला! धावा त्याच, निकाल उलटा. पण या पद्धतीतही खोट आहे. विजेता ४० ऐवजी ३६ मिनिटांत आला असता, तर ५० मिनिटे घेणाऱ्याचे गुण ८०० वरून ७२० वर उतरले असते. त्याने काहीच वेगळे केलेले नसताना! म्हणून ब्रिटनमधील व्यक्तिगत क्रमवारीत एका विजेत्याशी नव्हे, तर सर्वांच्या सरासरीशी तुलना करतात आणि तो फरक प्रमाण विचलनाच्या पटीत मोजतात. मला ही पद्धत सर्वांत न्याय्य वाटते, परंतु मैदानावर चिखलात उभे राहून ती तोंडी करता येत नाही हेही खरे.

किती जणांचे गुण धरायचे, यालाही महत्त्व आहे. समजा, ‘अ’च्या पहिल्या धावपटूचे एक निशाण चुकले आणि धाव बाद झाली. क्रमाच्या पद्धतीत तिघांचेही गुण धरले तर आता ‘ब’चे २९७ आणि ‘अ’चे अवघे १९३. फरक ३ वरून १०४ झाला. पण सर्वोत्तम दोघांचेच गुण धरायचे असे ठरले असते, तर बाद होण्यापूर्वी १९७ विरुद्ध १९६, आणि नंतर १९९ विरुद्ध १९३. फरक एकाचा सहा झाला, एवढेच. संघात चार माणसे जास्त आणणाऱ्या क्लबाचा हा फायदा आहे.

आता वही घ्या. क्रमाच्या पद्धतीत ‘अ’चा पहिला धावपटू आणखी पाच मिनिटांनी लवकर आला तरी संघाला एकही गुण वाढत नाही. पण दुसरा धावपटू ५२ ऐवजी साडेएकोणपन्नास मिनिटांत आला, तर ‘अ’चे १००, ९८, ९५ म्हणजे २९३ होतात आणि ‘ब’चे ९९, ९७, ९६ म्हणजे २९२. चषक ‘अ’चा! वाचवायची होती फक्त अडीच मिनिटे, म्हणजे ४४ मीटर बाजूला जाऊन केलेल्या एका शोधाशोधीइतकी. तुमच्यासाठी प्रश्न असा: पहिला धावपटू तसाच राहिला आणि दुसऱ्या व तिसऱ्याने मिळून वेळ वाचवायचा ठरवला, तर ‘अ’ जिंकण्यासाठी प्रत्येकाने किमान किती वाचवायला हवा? दोघांपैकी एकानेच वाचवणे सोपे, की दोघांनी थोडा थोडा?