क्लब मुलांचा, आपला नव्हे

अमेरिकेत मुलगी नववीत गेली, की एक दिवस विचारते, "आई, शाळेत हिंदू स्टुडंट्सचा क्लब काढू का?" झालं! बाबा लगेच नियमावली लिहायला बसतात, आई मोदकांचा हिशोब मांडते, आणि मंडळातले एक काका उद्घाटनाचं भाषण ठोकायला तयारच असतात. जरा दमानं घ्या. इथल्या एका कायद्यानं आपल्याला वर्गाच्या दाराबाहेर ठेवलंय, आणि खरं सांगू का, बरंच केलंय.

कायदा १९८४चा, इक्वल ॲक्सेस ॲक्ट. केंद्राचा निधी घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेनं अभ्यासक्रमाबाहेरच्या एका जरी क्लबला तासांच्या आधी किंवा शाळा सुटल्यावर आवारात जमू दिलं, की बाकीच्यांना धर्म, राजकारण वा विचारसरणीकडे बोट दाखवून नाही म्हणता येत नाही. ओमाहाच्या वेस्टसाइड शाळेत ब्रिजेट मर्जेन्सला ख्रिस्ती क्लब काढायचा होता. शाळा म्हणे, आमचे सगळे क्लब अभ्यासाशीच जोडलेले आहेत. पण तिथं स्कूबा डायव्हिंगचा क्लब होता, बुद्धिबळाचाही होता. फ्रेंच शिकवतात म्हणून फ्रेंच क्लब, हे समजू शकतं. स्कूबा कुठल्या तासाला शिकवतात? १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं शाळेविरुद्ध निकाल दिला. तेव्हा प्रिन्सिपलकडे जाण्याआधी मुलीला शाळेच्या क्लबांची यादी नीट वाचायला सांगा. तिची बाजू त्या यादीतच सापडेल.

आता आपल्याला टोचणारी अट. क्लब मुलांनीच सुरू करायचा आणि स्वखुशीनं. बाहेरच्या माणसांनी तो चालवायचा नाही, त्यावर ताबा ठेवायचा नाही, नेमानं येऊन बसायचंही नाही. धार्मिक क्लबाच्या बैठकीला शिक्षक हजर असले, तरी ते भाग घेत नाहीत. म्हणजे बाई मागच्या बाकावर पेपर तपासत बसलेल्या, आणि पुढे तुमची लेक गीतेबद्दल आपल्या अमेरिकन इंग्रजीत काहीतरी सांगतेय, कदाचित चुकीचंसुद्धा. सांगू द्या. आणि स्वखुशी म्हणजे तिला हा क्लब सोडून बुद्धिबळात जायची मुभाही आलीच, हे मात्र आपण सोयीनं विसरतो.

शेजारच्या खोलीत समलिंगी मुलांचा आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींचा क्लब भरत असेल. "शाळेत हे कशाला?" असं आपल्याच पार्ट्यांमध्ये कितीदा ऐकू येतं! अहो, तुमच्या मुलीला खोली ज्या कलमानं मिळाली, त्यांनाही त्याच कलमानं मिळाली. सॉल्ट लेक सिटीत १९९६ साली असा एक क्लब नको म्हणून शाळा मंडळानं अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद करून टाकले. कायद्यात ती पळवाट आहे. एकाला अडवायला गेलं, की सगळ्यांच्याच खोल्यांना कुलूप लागतं, त्यात आपलीही आली.

प्रिन्सिपलनं तोंडी नकार दिला, तर ताडकन फोन उचलू नका. मुलीला लेखी अर्ज करू दे आणि नकाराचं कारणही लेखी मागू दे. तिनं दाखवला तर मसुदा वाचा, स्पेलिंग तपासा. सही तिचीच राहू दे, आणि मोदकांचा डबाही तिच्याच हाती द्या.