दंतोपचारानंतरची गुंगी : पालकांची दक्षता

"डॉक्टर, आता त्याला झोपू द्यावे ना?" दंतवैद्याकडे गुंगीचे औषध दिलेल्या मुलाचे पालक हमखास विचारतात. झोपू द्यावे, पण एकटे नव्हे. मूल शांत जागी किमान २० मिनिटे आपणहून जागे राहिल्याशिवाय दवाखाना सोडू नये. गुंगीत मान पुढे कलून हनुवटी छातीला टेकली, तर श्वासमार्ग अरुंद होतो. म्हणून इंदूरच्या रहदारीतून मुलाला स्कूटरवर नेऊ नये. मोटारीत एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने शेजारी बसून मान व श्वास यांवर लक्ष ठेवावे. घरी आधी घोट-घोट पाणी, पोहे-जिलबी नंतर. बधिर ओठ चावू देऊ नये. हलवूनही मूल जागे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.