किडनीतली पाण्याची गाठ

पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात ‘सिम्पल सिस्ट’ आले की घरात रडारड सुरू होते. गाठ म्हणजे कॅन्सरच, असे आपण धरून चालतो. ही तर पातळ सालीची, पाणी भरलेली पिशवी. पन्नाशीनंतर ती पुष्कळांना असते. त्रास नसेल तर तिला हात लावायचे कारण नाही. काढ्याने ती विरघळत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

कुशीत सतत दुखत असेल, लघवीची वाट दाबली जात असेल किंवा गाठीत पू झाला असेल तर मात्र उपचार हवा. त्यालाही मोठी चिरफाड बहुधा लागत नाही. सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून सुईने पाणी काढतात. पण नुसते पाणी काढले तर पिशवी बहुतेकदा पुन्हा भरते. म्हणून आत अल्कोहोलसारखे औषध सोडून साल सुकवतात. (दारू पिऊन हे होत नाही, सांगून ठेवलेले बरे!) तरीही भरली, तर भूल देऊन छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने तिचे वरचे छप्पर कापतात. किडनी शाबूत राहते.

रिपोर्टात जाड साल, आत पडदे किंवा घट्ट भाग लिहिला असेल तर सीटी स्कॅन टाळू नका. तिथे कॅन्सरची शंका असते. दोन्ही किडन्यांत पुष्कळ गाठी असतील तर आजार आनुवंशिक असू शकतो, भावंडांचेही बीपी तपासा. लघवीत रक्त दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.